जामठ्याचा थांबा

चंद्रपूरहून नागपूरला एस.टी.ने जाणाऱ्या माणसाला हा रस्ता पाठ असतो. पडोलीचा चौक, भद्रावती, वरोरा, मग जाम, तिथून मोठा हमरस्ता, बुटीबोरीचे कारखाने आणि त्यानंतर जामठा. भद्रावती आली की विजासनच्या बुद्धलेण्यांच्या दिशेने आपली माणसे हात जोडतात. वरोऱ्याला आनंदवनाकडे बोट दाखवून आईबाप मुलांना बाबा आमट्यांची गोष्ट सांगतात. जामठ्याला मात्र नुसती मान वळते. तिथे २००८ पासून विदर्भ क्रिकेट संघटनेचे भले थोरले स्टेडियम उभे आहे. मान वळते आणि गाडी पुढे निघून जाते.

माझ्या वडिलांची मान अशी कित्येक वर्षे वळत आली. दीक्षाभूमीला जाताना, नातेवाइकांच्या लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना. ते दुर्गापूरच्या कोळसा खाणीत कामाला होते. २००९ साली निवृत्त झाले. पाळी संपवून आले की आंघोळीआधी रेडिओ लावायचे आणि रणजीचा निकाल ऐकायचे. भारताच्या सामन्याचे वेड सगळ्यांनाच असते, बाबांना वेड विदर्भाचे. आम्ही हसायचो, तर म्हणायचे, "भारत जिंकला त सारेच नाचतेत. विदर्भ हरला त विचारणारा कोनी पाहिजे ना, बाई!"

आणि विदर्भ हरतच असे. १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ या नावाने आपला संघ रणजी स्पर्धेत उतरतो आहे. मुंबई, कर्नाटक, दिल्ली यांच्या पंक्तीत आपल्याला कोणी धरत नसे. साठ वर्षे एकदाही चषक आला नाही.

तो आला १ जानेवारी २०१८ रोजी. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर फैज फजलच्या संघाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. त्याआधी उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकावर केवळ पाच धावांनी विजय मिळवला होता. इंजिनिअरिंग शिकलेल्या रजनीश गुरबानीने त्या सामन्यात बारा बळी घेतले आणि अंतिम सामन्यात हॅटट्रिक केली. अक्षय वाडकरने शतक ठोकले. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि अनुभवी वसीम जाफर हे दोघेही मुंबईचे, पण आपल्या पोरांना जिंकायची सवय लावायला ते नागपूरला आले होते.

वाचकहो, त्या दिवशी बाबांनी पेढे आणायला हवे होते. पण १ जानेवारी २०१८ ही तारीख आपल्या घराघरांत दुसऱ्याच कारणाने लक्षात आहे. भीमा कोरेगावच्या लढाईला त्या दिवशी २०० वर्षे पूर्ण झाली. माझा मोठा भाऊ वस्तीतल्या लोकांसोबत विजयस्तंभाला मानवंदना द्यायला गेला होता. दुपारी दगडफेकीच्या, गाड्या जाळल्याच्या बातम्या यायला लागल्या. भावाचा मोबाइल लागेना. आई दारात बसून होती. टीव्हीवर एका वाहिनीवर इंदूरचा जल्लोष, दुसरीकडे जळणाऱ्या गाड्या. मी टीव्ही बंद करू लागले तर बाबा म्हणाले, "राहू दे. पन आवाज बारीक कर."

रात्री उशिरा भावाचा फोन आला, "सुखरूप आहो." आई तेव्हा कुठे उठली. कोणाला तरी विदर्भाची आठवण झाली. बाबा म्हणाले, "आजचा जिंकला तो त्यायचा त्यायले लखलाभ. आपन पुढच्या वेळी पाहू." साठ वर्षे वाट पाहून आलेला आनंद त्यांनी असा झाकून ठेवला.

पुढची वेळ लवकर आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये अंतिम सामना जामठ्यालाच होता, सौराष्ट्राशी. पण बाबांचा खोकला तेव्हा बळावला होता. छातीच्या तपासणीसाठी मी त्यांना नागपूरच्या दवाखान्यात नेत होते. बुटीबोरी गेली आणि बाबा खिडकीकडे सरकले. आत सामना चालू होता. आम्हाला बाहेरून फक्त दिव्यांचे खांब दिसले. बाबा म्हणाले, "पुजारा आऊट झाला असन का?" कंडक्टरला काय ठाऊक! नंतर कळले, चेतेश्वर पुजाराला डावखुऱ्या आदित्य सरवटेने दोन्ही डावांत टिकू दिले नाही, एकदा एक धाव, एकदा शून्य. सरवटेने सामन्यात अकरा बळी घेतले आणि विदर्भ ७८ धावांनी जिंकला. आम्ही त्या दिवशी दवाखान्यात रिपोर्टच्या रांगेत होतो. रिपोर्ट बरे निघाले, एवढेच आमचे बक्षीस.

मार्च २०२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत गेला. वानखेडेवर मुंबईने १६९ धावांनी हरवले. मुंबई काही आपल्या एस.टी.च्या टप्प्यात नाही. बाबांनी टीव्हीवरच तो पराभव शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिला.

मग २०२५ उजाडले. उपांत्यपूर्व फेरीत तामिळनाडू, उपांत्य फेरीत तीच मुंबई, ८० धावांनी चीत. अंतिम सामना २६ फेब्रुवारीपासून जामठ्याला, समोर केरळ. पाचवा दिवस २ मार्च, रविवार. माझ्या धाकट्या मुलाने, तो चौदा वर्षांचा, परस्पर जाहीर करून टाकले, "आबाजी, या वेळी आपन उतरू."

सकाळी पावणेसहाची गाडी धरली. बाबा शहात्तर वर्षांचे, त्यांना एस.टी. मोफत. मला बाईमाणूस म्हणून अर्धे तिकीट. पूर्ण पैसे फक्त पोराचे पडले. बाबा म्हणाले, "सगळ्यात महाग पावना हाच आहे." मी डब्यात पोळ्या आणि भेंडीची भाजी घेतली होती. महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या मागे पडल्या तेव्हा जेमतेम तांबडे फुटत होते.

मी कंडक्टरला म्हटले, "जामठ्याले थांबवान का?" त्याने बाबांकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, "दवाखाना?" जामठ्यालाच कॅन्सरचे मोठे रुग्णालय आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीची माणसे त्या थांब्यावर उतरतात ती बहुधा त्याच कामासाठी. बाबा ताठ होऊन म्हणाले, "नाही भाऊ. म्याच." कंडक्टर हसला. आमच्यासोबत तिथे आणखी एक जोडपे उतरले. बाईच्या हातात फायली होत्या. ते दवाखान्याच्या वाटेने गेले, आम्ही स्टेडियमच्या. सहा वर्षांपूर्वी आमच्याही हातात अशाच फायली होत्या.

आत गेल्यावर मुलगा काही वेळ बोललाच नाही. एवढे हिरवे गवत त्याने एकत्र पाहिले नव्हते. आमच्याकडे मैदान म्हणजे कोळशाच्या धुळीने काळे पडलेले पटांगण. पंचेचाळीस हजारांच्या स्टेडियममध्ये बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. केरळचे काही लोकही आले होते. आमच्या भागाला केरळ ठाऊक आहे तो दवाखान्यातल्या नर्सताईंमुळे आणि बल्लारशाहवरून धडधडत जाणाऱ्या केरळ एक्सप्रेसमुळे.

सामन्याची स्थिती घरच्या वाचकांसाठी सोपी करून सांगते. पाच दिवसांत दोन्ही संघांचे दोन-दोन डाव पूर्ण झाले नाहीत, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त त्याचा चषक. विदर्भाचे पहिल्या दिवशी २४ धावांत तीन गडी गेले होते. तिथून एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी डाव उचलला. दानिशने १५३ केल्या, विदर्भ ३७९. केरळचा कर्णधार सचिन बेबी एकटा लढत आपल्या संघाला जवळ घेऊन आला आणि ९८ वर झेल देऊन बसला. केरळ ३४२. आघाडी सदतीस धावांची. नवल असे, की याच केरळने उपांत्यपूर्व सामना एका धावेच्या आघाडीवर आणि उपांत्य सामना दोन धावांच्या आघाडीवर काढून आयुष्यात पहिल्यांदा अंतिम फेरी गाठली होती. ज्या काट्यावर ते तरले, त्याच काट्यावर तोलले गेले.

आता विदर्भाने फक्त दिवसभर टिकून राहायचे होते. सकाळी शतकवीर करुण नायर १३५ वर बाद झाला. बाद करणारा गोलंदाज कोण? आदित्य सरवटे! विदर्भाला दोन चषक मिळवून देणारा आपला सरवटे या वेळी केरळकडून खेळत होता. आणि नायर कर्नाटकातून विदर्भात आलेला. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून आपल्याविरुद्ध १४५ धावा काढणारा ध्रुव शोरीही आता विदर्भाकडून खेळत होता. मुलगा गोंधळला. "आबाजी, मंग आपला कोन अन् परका कोन?" बाबा म्हणाले, "जो ज्याच्या पाटीवर काम करते, त्याचं काम चोख पाहिजे. आमच्या खानीत बिहारचे होते, आंध्राचे होते, छत्तीसगडचे होते. छत कोसळलं त सगळ्याइवर कोसळे."

आमच्या पुढे मुलाचा खरा प्रश्न होता आणि तोच सांगण्यासाठी मी हे लिहायला बसले. पोर वेगाने चेंडू टाकतो. टेनिसच्या चेंडूवर वस्तीतली मोठी मुलेही त्याला घाबरतात. त्याला लेदर चेंडूने खेळायचे आहे, नागपूरला शिकायला जायचे आहे. बूट, पॅड, प्रवास, राहणे, हा खर्च आमच्या पगाराचा नव्हे. शिवाय पुढच्या वर्षी दहावी. त्याचे बाबा म्हणतात, शिक्षणाने घर वर आले, ते सोडून चेंडूमागे धावू नको. तो म्हणतो, उमेश यादव पाहा.

उमेश यादव हे आमच्या भागातल्या पोरांचे मोठे नाव. वडील नागपूरजवळ वलनीच्या कोळसा खाणीत कामगार. पोलीस आणि सैन्यभरतीचे प्रयत्न फसले. वीस वर्षांच्या आसपास वय होईपर्यंत तोही टेनिसच्या चेंडूनेच खेळत होता. २००८ मध्ये तो विदर्भाकडून खेळला आणि २०११ मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. खाण कामगाराच्या घरातले हे उदाहरण खरेच आहे. पण एक उमेश दिसतो, तेव्हा न दिसलेले किती असतील, याचा हिशोब आईलाच करावा लागतो.

जेवणाच्या सुटीत डबा उघडला तेव्हा बाबांनी नातवाला पाळवणकर बाळूंची गोष्ट सांगितली. चर्मकार समाजातले हे बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामे करीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्याशिवाय बळी मिळत नव्हते. पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद काही मिळाले नाही. ते धाकटा भाऊ विठ्ठलला १९२३ मध्ये मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. "राजकारनात ते आपल्या बाजूनं नव्हते," बाबा म्हणाले, "पन डावखुरा हात लाखाचा होता. खरं ते खरं."

मुलाने मैदानाकडे बोट केले. तिथे विदर्भाचा डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे सहकाऱ्यांसोबत उभा होता. त्या हंगामात त्याने ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला तो विक्रम ठरला. "तो काय खात असन?" मुलाने विचारले. मी म्हटले, "तुझ्यासारखीच पोळी-भाजी. पन वेळेवर उठून."

दुपारनंतर शेवटच्या फलंदाजांनी केरळला दमवले. दर्शन नळकांडेने नाबाद अर्धशतक केले. धावफलकावर ९ बाद ३७५ लागले आणि दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले. सामना अनिर्णित, चषक विदर्भाचा. तिसऱ्यांदा. आणि कर्णधार कोण, तर इंदूरला शतक ठोकणारा अक्षय वाडकर.

बाबा नाचले नाहीत, ओरडले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टाळ्या वाजवत राहिले. केरळचे खेळाडू मान खाली घालून बाहेर निघाले तेव्हाही त्यांच्या टाळ्या थांबल्या नाहीत. म्हणाले, "हे पोट्टे पहिल्यांदा आले इथवर. आपल्याले साठ वर्षं लागले होते."

परतीच्या गाडीत उभे राहायलाही जागा नव्हती. एका कॉलेजच्या पोराने बाबांना बसायला जागा दिली. गाडीतल्या निम्म्या मोबाइलवर दुबईचा भारत-न्यूझीलंड सामना चालू होता. जामठ्याला दीड-दोन तासांपूर्वी काय झाले, हे त्यांतल्या फारच थोड्यांना माहीत होते. बाबांनी शेजारच्याला सांगितले, "विदर्भ जिंकला." तो म्हणाला, "कोनासोबत होती?" मग जाम येईपर्यंत बाबांनी त्याला पाचही दिवसांचा सामना सांगितला.

वरोऱ्याला पेढ्यांचा पुडा घेतला. अंधारात बाबा मला म्हणाले, "पोट्ट्याचं काय करतं मंग?" मी वाटेत ठरवले होते. दहावी होईपर्यंत चंद्रपुरातच, सकाळी सहा ते आठ मैदान, नंतर शाळा. लेदरचा चेंडू आणि बूट या उन्हाळ्यात. नागपूरचे दहावीच्या निकालानंतर बघू. मुलगा झोपल्याचे सोंग घेऊन ऐकत होता, ते त्याच्या पायाच्या हलण्यावरून कळत होते. बाबा म्हणाले, "बूट मी घेतो. पेन्शन कायले आहे?"

घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. आई दारातच होती. बाबांनी पुडा तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "कायचे गा हे?"

"दोन हजार अठराचे," बाबा म्हणाले. "तेव्हाचे राह्यले होते."