७/?

१

रात्री अकरानंतर मी फॅनफिक वाचते. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' या अ‍ॅनिमेशन मालिकेवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथा. मालिका २००५ ते २००८ मधली, ६१ भागांची. माझा पोटापाण्याचा उद्योग मुद्रितशोधनाचा. दिवसा ज्यांच्या ओळी तपासते त्यांच्याशी बोलणं होत नाही. रात्रीच्या लेखकांशी होतं.

२

मालिका न पाहिलेल्यांसाठी एवढंच. चार राष्ट्रं : जल, पृथ्वी, अग्नी, वायू. अग्निराष्ट्राने शंभर वर्षं युद्ध चालवलंय. बर्फात शंभर वर्षं गोठून पडलेला आंग नावाचा बारा वर्षांचा मुलगा म्हणजे अवतार. त्याच्या मागावर असलेला राजपुत्र झुको सोळा वर्षांचा. बापाने तेराव्या वर्षी चेहरा भाजून त्याला हद्दपार केलं. त्याच्यासोबत आपणहून निघाला तो काका, आयरो.

३

झुकोचा व्रण डाव्या डोळ्यावर आहे. गेल्या महिन्यात दोन कथांत तो उजव्या डोळ्यावर होता. दोघींना कळवलं, दोघींनी दुरुस्त केलं. एकीने लिहिलं : तो माझ्यासमोर उभा असतो, त्यामुळे व्रण माझ्या उजव्या हाताला येतो.

४

शेवटच्या भागात झुको तुरुंगातल्या बापाला विचारतो, माझी आई कुठे आहे? आणि दृश्य बदलतं. जुलै २००८.

अधिकृत उत्तर 'द सर्च' या कॉमिकमध्ये आलं, २०१३ साली. मधल्या पाच वर्षांत लोकांनी आपापल्या परीने झुकोच्या आईला, उर्साला, शोधलं. कुणाला ती कोळ्यांच्या वस्तीत सापडली, कुणाला मठात, कुणाला थडग्यात. एका कथेत ती बा सिंग से शहरात लोकांचे कपडे धुते आणि अग्निराष्ट्राच्या सैनिकाचा सदरा आला की खिसे दोनदा तपासते. कॉमिक आल्यावर ही कथा 'चुकीची' ठरली. मला अजून तीच पटते.

५

झुकोच्या जहाजाला मालिकेत नाव नाही. कथांमध्ये त्याला 'वानी' म्हणतात. मालिकेतलं ते कॅनन, वाचकांनी रूढ केलेलं ते फॅनन. मलाही वर्षभर 'वानी' मालिकेतलंच वाटत होतं.

६

आंगच्या उडणाऱ्या, सहा पायांच्या गव्याचं नाव आप्पा. आमच्याकडे आप्पा म्हणजे माझे आजोबा. भाची लहानपणी मालिका बघताना म्हणाली, "मावशी, आप्पा दमलेत." तेव्हापासून आमच्या घरी त्या गव्याला अहो-जाहो आहे.

७

तोफ बाइफोंग आंधळी आहे. जमिनीतली कंपनं तिच्या तळपायांना कळतात. समोरचा खोटं बोलतोय हे ती त्याच्या छातीच्या ठोक्यांवरून ओळखते. वाळूत तिला सगळं धूसर होतं.

एका लेखिकेने अख्खं प्रकरण तोफच्या बाजूने लिहिलं. 'तोफच्या नजरेतून' म्हणणार होते, पण तो शब्दच इथे चालत नाही. प्रकरण मोठं, आणि त्यात रंग नाही, उजेड नाही, कुणाचा चेहरा नाही. बाजारात शिरलेली तोफ माणसं मोजते ती पावलांवरून : ही गरोदर, हा लंगडा, या दोघांचं नुकतंच भांडण झालंय. मी दोनदा वाचलं. एकच जागा सापडली, मावळतीची लाली. लेखिकेला कळवलं. दुसऱ्या दिवशी त्या जागी लाली नव्हती. पायाखालचा दगड अजून कोमट होता.

हे मला सुचलं नसतं. मी फक्त चूक दाखवली होती.

८

या कथांच्या संकेतस्थळावर कथा आवडली की कुडोसचं, म्हणजे दाद देण्याचं, बटण दाबायचं. एका वाचकाला एका कथेसाठी ते एकदाच दाबता येतं. दुसऱ्यांदा वाचून जास्त आवडली, तर शब्दच लिहावे लागतात.

९

'छान!'

'पुढचं कधी?'

'सहाव्या प्रकरणात आयरो चहा ओततो तेव्हा दुसरा कप कुणासाठी आहे, हे तुम्ही सांगितलं नाहीत. मला वाटतं लू टेनसाठी.'

तिसऱ्या अभिप्रायाखाली लेखकाचं उत्तर होतं. चार परिच्छेदांचं.

१०

लू टेन हा आयरोचा मुलगा. बा सिंग सेला वेढा घातलेला असताना लढाईत गेला. सहाशे दिवस चाललेला तो वेढा आयरोने त्यानंतर उठवला.

'टेल्स ऑफ बा सिंग से' या भागात आयरो त्याच शहरात निर्वासित म्हणून राहतोय. दिवसभर भेटेल त्याला मदत करत फिरतो, संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली मुलाचं चित्र ठेवून उदबत्ती लावतो आणि गाताना रडतो. आयरोला आवाज देणारे माको जुलै २००६ मध्ये वारले. हा भाग सप्टेंबरमध्ये दाखवला गेला. आयरोच्या गोष्टीच्या शेवटी त्यांना अर्पणओळ आहे.

लू टेनला वाचवणाऱ्या कथा खूप आहेत. लिहिणाऱ्यांचा जीव तुटतो म्हणून त्या लिहिल्या जातात, हे मला समजतं. पण प्रत्येक लेखकाला मी एकच प्रश्न विचारते. मुलगा वाचला तर वेढा उठत नाही. मग शहराचं काय झालं? आयरो 'आपला' आयरो कसा झाला? बहुतेक जण म्हणतात, याचा विचार केला नव्हता. एकाने विचार केला होता. त्याच्या कथेत लू टेन जगतो, बा सिंग से पडतं, आणि जिंकलेल्या शहरात बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. इतकी अवघड कथा मी छापील पुस्तकांतही फार वाचलेली नाही.

११

१९६७. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त', दोन्ही महाभारतात शिरून लिहिलेली, दोन्ही एकाच वर्षीची.

१२

२०१९, डब्लिन. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिकच्या संग्रहाला विज्ञानकथा आणि कल्पनारम्य साहित्यासाठीचा ह्यूगो पुरस्कार. संग्रह २००९ मध्ये खुला झाला. स्वयंसेवक चालवतात, जाहिराती नाहीत. पुरस्कार स्वीकारताना कादंबरीकार नाओमी नोविक यांनी, या कामात आपला वाटा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी उभं राहावं, असं सभागृहाला सांगितलं.

१३

मालिकेत गुरू पथिक नावाचा म्हातारा आंगला सात चक्रं शिकवतो आणि कांदा-केळ्याचा रस पाजतो. परदेशातल्या एका लेखिकेने मला पथिकचे संवाद तपासायला दिले. तिला त्या नावाचा अर्थ माहीत नव्हता. मी कळवलं, वाटसरू. तिच्या कथेत पथिक मठात बसून वाट बघत होता. तिने सुरुवात बदलली. आता तो चालत येतो, पाय सुजलेले.

१४

भाचीने या वर्षी पहिल्यांदा मराठीत लिहिलं. प्रसंग मालिकेच्या शेवटाकडचा. झुकोने काकाला दगा दिलेला आहे. आता तो माफी मागायला आलाय. आयरो तंबूत झोपलाय, झुको त्याच्या उशाशी रात्रभर बसून. मालिकेत त्याचं बोलणं संपायच्या आतच आयरो त्याला ओढून मिठीत घेतो.

इंग्रजीत 'अंकल' म्हटलं की भागतं. मराठीत पहिल्याच ओळीला अडलं. आयरो बापाचा थोरला भाऊ, घराणं राजाचं. म्हणजे 'तुम्ही'. पण या दोघांनी तीन वर्षं एका जहाजावर काढलीत, नंतर निर्वासित म्हणून एका खोलीत राहून चहाच्या दुकानात कपबश्या विसळल्यात. तिथे 'तुम्ही' किती दिवस टिकेल?

पहिल्या खर्ड्यात तिने सगळीकडे 'तू' घातलं. मी समासात प्रश्नचिन्ह केलं. दुसऱ्या खर्ड्यात सगळीकडे 'तुम्ही'. वाचलं, माफी गार वाटली. तिसरा खर्डा आला. त्यात झुको रात्रभर मनाशी माफीचं भाषण घोकतो. काका, तुम्ही असं. काका, तुमचं तसं. पहाटे आयरो कूस बदलतो आणि झुकोच्या तोंडून एवढंच निघतं : काका, तू उठलास. भाषण राहूनच जातं.

मी फोन केला. "मावशी, चूक काय ते आधी सांग," म्हणाली.

"'उठलास'पुढे प्रश्नचिन्ह हवं."

"नको. तो विचारत नाहीये."

बरोबर होतं तिचं. पूर्णविराम ठेवला.

१५

तिची पुढची कल्पना : सदाशिव पेठेत आयरोचं अमृततुल्य. मी हरकत घेतली. आयरो चहा असा दुधात उकळणार नाही. कथा आता त्यावरच चालली आहे. पहिल्या दिवशी तो उकळता टोप बघतो आणि डोळे मिटून घेतो.

१६

किती प्रकरणं होणार हे लेखकाला ठाऊक नसेल, तर कथेच्या माथ्यावर एकूण आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह असतं. ३/?, १२/?. अशा कथा मी मुद्दाम उघडते. त्यांना वाचक कमी. पूर्ण झालेलीच वाचायची, असा पुष्कळांचा नेम असतो. मग ती पूर्ण कुणासाठी व्हायची?

१७

चेरीत एक बी राहिली म्हणून राजकन्या अझुला एका दासीला हद्दपार करते. मालिकेत तो प्रसंग अगदी थोडक्यात उरकतो.

चार वर्षांपूर्वी एका नवख्या लेखिकेने त्या दासीची कथा लिहायला घेतली. राजवाड्याच्या फाटकापासून सुरुवात. चौथ्या प्रकरणात दासी रस्त्याकडेला चेरी खाते. बी थुंकायची की नाही हे तिला ठरवता येत नाही. मुठीत धरून ती चालत राहते. मुक्कामाला पोचल्यावर मूठ उघडते तर तळव्यावर बीचा लाल ठसा.

सातवं प्रकरण आल्यावर मी लेखिकेला एक्केचाळीस चुका लिहून पाठवल्या. काळाचा घोळ, विरामचिन्हं, एका गावाचं नाव दोन तऱ्हांनी. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बरोबर होत्या. त्या ठशाबद्दल एक शब्द लिहिला नाही. तो लक्षात राहिलाय हे काय सांगायचं, असं तेव्हा वाटलं.

तिने 'धन्यवाद' लिहिलं.

मागच्या रविवारी मी ती कथा पुन्हा सलग वाचली आणि चौथ्या प्रकरणाखाली तिला लिहिलं की ती मूठ मी चार वर्षं विसरलेले नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

कथा ७/? वर आहे.