पणदऱ्याच्या वाटेवर

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या वयोवृद्ध मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ बारामती तालुक्यांतील पणदरे या गांवीं होता. घरांतून सहा माणसें निघावयाचीं ठरलीं आणि आठ दिवस आधींपासून तयारीस आरंभ झाला. ओवाळण्याचीं निरांजनें मोजून पेटींत भरलीं, मामांचें धोतर-उपरणें व मामींचें लुगडें कोऱ्या कागदांत बांधलें, लाडवांचे डबे उभे राहिले. आमच्या सौभाग्यवतींनीं केलेली यादी दोन पानें भरून झाली होती व तींत अमृतांजनापर्यंत सर्व कांहीं होतें. गाडीचें नांव तेवढें कोठें नव्हतें. आणि ज्यानें तें लिहावयाचें तो गाडी चालविणारा गृहस्थ, म्हणजे आम्ही स्वतः, पेट्रोल भरून आणलें कीं आपलें कर्तव्य संपलें अशा समजुतींत स्वस्थ होतों.

पुण्याहून पणदऱ्याची वाट आमच्या पायाखालची. हडपसर सोडून दिवे घाट चढावा, सासवडास चहा घ्यावा, जेजुरीच्या गडाकडे पाहून गाडींतूनच हात जोडावे आणि नीरा गांवीं डावीकडे वळावें. सारा प्रवास सुमारें शंभर किलोमीटरांचा. जेजुरीच्या आसपास माळरान आणि कुसळें. परंतु नीरा मागें पडलें कीं देखावा असा पालटतो कीं प्रत्येक वेळीं नवल वाटतें. ही करणी नीरेच्या डाव्या कालव्याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचें पाणी या अवर्षणी मुलुखांत खेळूं लागलें. पुढें १९२८ मध्यें भाटघरास मोठें लॉइड धरण पुरें झालें. आतां निंबुत, वडगांव निंबाळकर, कोऱ्हाळें, पणदरे अशीं गांवें एकामागून एक उसाच्या हिरवळींतून डोकें वर काढतात. एका अंगास सोमेश्वरचा सहकारी साखर कारखाना, दुसऱ्या अंगास माळेगांवचा. आणि वाऱ्यावर येणारा मळीचा तो आंबूस वास, जो परक्यास नकोसा वाटतो व येथील माणसास सुबत्तेची खूण वाटतो.

पणदरे हें त्या वाटेवरचें नांदतें, कष्टाळू गांव. मामांच्या ओसरीवर बसलें कीं रस्ता दिसतो. गळिताच्या हंगामांत, म्हणजे दिवाळीपासून पुढें चार-पांच महिने, त्या रस्त्यावर अखंड मिरवणूक चाललेली असते. एका ट्रॅक्टरामागें दोन दोन ट्रॉल्या, त्यांवर रस्त्याच्या दोन्हीं अंगांस पसरलेला ऊस. मधून मधून ऊसतोडणी कामगारांच्या बैलगाड्या. दिवसां हें दृश्य मोठें प्रेक्षणीय आहे. रात्रीं तेंच कसें दिसतें, किंवा खरें म्हणजे कसें दिसत नाहीं, तें आम्हांस त्याच दिवशीं कळावयाचें होतें.

समारंभ उत्तम झाला. मामांना ओवाळतांना सगळ्यांचेच डोळे भरून आले. “आज राहाच,” हा आग्रह मोडून निघेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. पुढें आम्ही व धाकटे बंधु बसलों. मागें मातोश्री, दोन्हीं सुना, आणि मातोश्रींच्या मांडीवर चार वर्षांचा पुतण्या. मागच्या आसनावरचा पट्टा बांधण्याविषयीं सकाळींच एकदां गोष्ट निघाली होती. “गळ्याला काचतो,” असें मातोश्री म्हणाल्या व विषय तेथेंच संपला. वडील माणसांशीं असल्या बाबतींत वाद घालण्याची आमच्या घरीं चाल नाहीं.

कोऱ्हाळ्याच्या दिशेनें चार-पांच किलोमीटर आलों असूं. समोरून एक गाडी दिवे मंद न करतांच आली, आमचे डोळे दिपले, आणि ती निघून जातांच पुढें काळी भिंत उभी दिसली. ती उसाची ट्रॉली होती. तिचें चाक निखळल्यामुळें ट्रॅक्टर सोडवून चालक मदतीस गेला होता. मागें दिवा नव्हता व चकाकणारी पट्टी लोंबत्या उसानें झांकली गेली होती. आम्हीं ब्रेक दाबून स्टिअरिंग डावीकडे फिरविलें. गाडी साइडपट्टीवर उतरून एका दगडावर आदळली व ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. मूल मातोश्रींच्या हातांतून सुटून पुढच्या आसनाच्या पाठीवर आपटलें. ओठ फुटला, रक्त आलें. ज्या हातांनीं सात नातवंडें कडेवर वागविलीं त्यांतून हें एक निसटलें कसें, हेंच मातोश्रींना उमगेना. त्या मुलापेक्षां आपल्या हातांकडेच पाहत राहिल्या.

दोष ट्रॉलीवाल्याचा खरा. परंतु आमचा हिशेबही सांगितला पाहिजे. आम्ही ताशीं ऐंशीच्या घरांत होतों. त्या वेगानें गाडी एका सेकंदांत २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढें अंतर गेलेंच. पुढें कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही थांबावयास आणखी ३५ मीटर तरी लागतात. दिव्यांचा खालचा झोत जेमतेम तितक्याच अंतरावर पोंचतो. म्हणजे डोळे दिपलेला मनुष्य त्या वेगानें चालला असतां आपल्याला जें दिसत नाहीं त्यावर विश्वास टाकीत असतो. समोरून असा झोत आल्यास वेग तत्काळ उतरवावा, दृष्टि रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी, हें आम्हांस ठाऊक होतें. ठाऊक होतें, इतकेंच.

खालीं उतरून पाहतों तों डाव्या पुढच्या चाकाचा टायर कडेला फाटलेला. धोक्याचा लाल त्रिकोण काढूं म्हटलें, तर तो निरांजनांच्या पेटीखालीं, पेटी डब्यांखालीं, आणि डबे मामींनीं दिलेल्या गुळाच्या ढेपेखालीं. सगळें सामान रस्त्यावर आलें तेव्हां स्टेपनी हातीं लागली. तींत हवा नव्हती. बंधूंनीं बॅटरीच्या उजेडांत तिच्या कडेवरचे चार आंकडे वाचले: १४१५. म्हणजे २०१५ सालच्या चौदाव्या आठवड्यांतला टायर. गाडी घेतल्यापासून त्याच्याकडे कोणीं ढुंकून पाहिलें नव्हतें.

या शब्दाची हकीकत मोठी मौजेची आहे. वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी नांवाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनीं १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा काढला. त्या रस्त्याचें नांव आपल्याकडे असें रुजलें कीं पंक्चरच्या कोणत्याही दुकानांत तेंच चालतें. आम्हीं ही माहिती तेथेंच बंधूंना सांगावयास आरंभ केला होता. त्यांनीं ज्या नजरेनें पाहिलें तीमुळें ती अर्धवट राहिली.

इतक्यांत मागून एक ऊसतोडणीवाला जोडपें आपली बैलगाडी घेऊन आलें. त्या गृहस्थानें प्रथम आम्हांस विचारलें नाहीं. तो थेट मागच्या दाराशीं गेला. “आजी, गाडीत बसू नका. लेकराला घेऊन खाली या, शेताच्या कडंला उभं रहा.” थंडी वाजेल म्हणून आम्हींच सर्वांना गाडींत बसविलें होतें! बंद पडलेल्या गाडींत, अंधाऱ्या रस्त्यावर, बसून राहण्याइतकें धोक्याचें दुसरें कांहीं नाहीं, हें त्या निरक्षर म्हणविणाऱ्या माणसास कळत होतें. मग त्यानें वाढ्यांच्या मोळ्या काढून ट्रॉलीच्या मागें पन्नास-साठ पावलांपासून रस्त्याच्या कडेनें मांडल्या व शेवटीं आमचा त्रिकोण ठेवविला. पांच मिनिटें झालीं नसतील तोंच एक मोटार भरधांव आली, वाढीं दिसतांच बिचकली आणि वळसा घालून गेली. आम्ही तिचे तांबडे दिवे दिसेनासे होईपर्यंत पाहत होतों.

एक शाळकरी वाटणारा पण पुरता वयांत आलेला मुलगा मोटारसायकलवर स्टेपनी घेऊन पणदऱ्यास गेला, दुकानदारास घरून उठवून हवा भरून परत आला. गाडीवाल्यानें निघतांना वाढीं आणि चाकांस लावलेले दगड आठवणीनें उचलून बाजूस टाकले. दुरुस्ती झाली कीं दगड रस्त्यावरच सोडून जाणारे सुशिक्षित आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

चाक बदलण्याची रीत त्या रात्रीं शिकलों ती अशी: जमीन घट्ट व सपाट पाहावी, हातब्रेक ओढून, गाडी गिअरमध्यें ठेवून, दुसऱ्या चाकांस दगड लावावे, नट गाडी उचलण्यापूर्वींच सैल करावे, आणि बसवितांना एकाआड एक, समोरासमोरचे, आवळावे. कांहीं नव्या गाड्यांत स्टेपनी अरुंद असते. तिच्यावर ताशीं ८० च्या वर जाऊं नये. कांहींत ती नसतेच, नुसता पंप व चिकटद्रव्य असतें. आपल्या गाडींत काय आहे तें दारांत उभें असतांना पाहून ठेवावें.

पट्ट्याविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण संस्कारांशीं गांठ तेथेंच पडते. तीन टोकांचा आजचा पट्टा स्वीडनच्या निल्स बोलिन यांनीं १९५९ मध्यें व्होल्वो कंपनीसाठीं तयार केला व कंपनीनें तो सर्वांस मोकळा ठेवला. ताशीं ५० च्या वेगांत गाडी एकाएकीं अडली तर मुलाचा भार क्षणभर त्याच्या वजनाच्या वीस-तीस पट होतो. सोळा किलोचें मूल कोणती आजी धरून ठेवील? मागें बसणारास पट्टा नको, ही समजूत तर फारच दृढ. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, ते मागच्याच आसनावर होते व पोलिसांच्या तपासाप्रमाणें त्यांनीं पट्टा लावलेला नव्हता. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बालआसन आवश्यक केलें आहे. पण आमच्या घरीं कायद्यापेक्षां त्या फुटलेल्या ओठाचें काम अधिक झालें. त्याच रात्रीं, पुन्हां निघतांना, मातोश्रींनीं पदर सारखा केला आणि “हें कोठें अडकवायचें रे?” असें आपण होऊन विचारलें. पुतण्याला दोन्हीं सुनांच्या मध्यें बांधून बसविलें. दिवे घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्यें उतरलों. साडेबारा झाले होते.

आतां महिन्याच्या पहिल्या रविवारीं, चाकें थंड असतां, पांचही चाकांची हवा पाहिली जाते. आंकडा चालकाच्या दाराजवळील चिठ्ठीवर असतो. टायरच्या खांचा १.६ मिलिमीटरपेक्षां उथळ झाल्या तर तो कायद्यानेंही बाद. त्रिकोण, बॅटरी व औषधांची पेटी सामानाच्या वर राहतात. ११२ व रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक घरांतील मुलांसही पाठ आहेत. पुतण्याचें बालआसनही आलें.

फाल्गुनांत मामांकडे पुन्हां गेलों. या वेळीं दुपारीं तीनलाच निघावयाचें ठरवून सामान व्यवस्थित लावलें, मंडळी पट्टे बांधून बसलीं. मामा काठी टेकीत गाडीभोंवतीं एक फेरी मारून आले, चारी चाकांना काठीनें टोकून पाहिलें आणि आमच्या खिडकीशीं येऊन म्हणाले, “पांचवें दाखव.” गुळाच्या ढेपेसकट सगळें सामान पुन्हां खालीं उतरावें लागलें.