सोंग नव्हे
पक्षाघाताच्या झटक्यानंतर घरांतील वडील मंडळींपैकीं कोणी म्हणतात, "या बाजूचें मला दिसत नाहीं". आणि त्याच बाजूनें पोर धांवलें कीं दचकतात. लगेच "हें सोंग!" असा निवाडा होतो. तो अन्यायाचा आहे. नेत्र निर्दोष असूनहि मेंदूच्या मागील भागांतील दृष्टिकेंद्र दुखावल्यास अंधत्व येतें. तेथें गोळी लागलेल्या कांहीं सैनिकांस स्थिर वस्तु दिसत नसतां हालचाल मात्र कळते, असें रिडॉक या ब्रिटिश डॉक्टरानें १९१७ सालीं नोंदविलें. नेत्रांचा कांहीं संदेश त्या केंद्रास वगळून, आडवाटेनें, गति ओळखणाऱ्या भागापर्यंत पोंचतो, असें आतां मानितात. पायरी मात्र हालत नाहीं! म्हणून आमच्या कळंबास चिंतामणीच्या पायऱ्या उतरतांना अशा वडिलांचा हात त्याच बाजूनें धरावा.