शब्दांची राखण

आमच्या आंजर्ल्यात नारळी-पोफळीची आगरं आहेत, आंबा-काजू आहे, थोडी भातशेती आहे. त्याच्या जोडीला गेलं वर्षभर मी आणखी एक पीक काढते आहे. ते बाजारात जात नाही, त्याचे पैसे येत नाहीत आणि त्यावर माझं नावही नाही. संगणकासाठी केलेली मराठी शब्दांची एक यादी आहे, तिची राखण मी करते. शाळेतून निवृत्त झालेली बाई, घरी आगर आणि दोन म्हशी, तिला हा नसता उद्योग कशाला, असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरातही सगळे तेच म्हणाले. म्हणून गेल्या पाडव्यापासून या पाडव्यापर्यंतचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडते.

संगणकावर मराठी लिहिताना काही शब्दांखाली तांबडी रेघ उमटते, ती तुमच्या मुलाबाळांनी पाहिली असेल. शब्द चुकला, असा तिचा अर्थ. पण यंत्राला भाषा येत नाही. त्याच्याजवळ शब्दांची यादी असते. यादीत सापडला तो शब्द बरोबर, न सापडला तो चूक, एवढंच त्याचं शहाणपण. यादी करणारी माणसं बहुतेक शहरातली. त्यामुळे झालं असं, की पोफळ, असोला, सोडण, विरी, तरवा, कुणगा या सगळ्या शब्दांखाली तांबडी रेघ.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं. दापोली तालुक्याच्या या किनाऱ्यावरची आगरंच्या आगरं त्यानं झोपवली. नंतर नुकसानीचे अर्ज लिहिण्याची घाई उडाली. शेजारचा एक मुलगा आपल्या वडिलांचा अर्ज संगणकावर लिहीत होता. त्यानं ‘पोफळी मोडल्या’ असं लिहिलं. खाली रेघ आली. त्यानं ते खोडून ‘झाडे मोडली’ केलं. मी म्हटलं, “अरे, माड वेगळा, पोफळ वेगळी. नुसती झाडं लिहून कसं चालेल?” तो म्हणाला, “बाई, यंत्र चूक दाखवतंय. आपलं मराठीच अशुद्ध असणार.” पिढ्यान्‌पिढ्या पोफळी लावणाऱ्या घरातल्या मुलाला स्वतःचा शब्द अशुद्ध वाटावा, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

पुढे कधीतरी हे मी माझ्या पुतण्याला सांगितलं. तो पुण्याला संगणकाच्या कामात आहे. तो म्हणाला, “काकू, असल्या याद्यांपैकी काही खुल्या असतात. त्यांत कोणालाही शब्द सुचवता येतात. एक यादी माझ्या माहितीची आहे, पण आता तिला वाली नाही. जे गृहस्थ ती सांभाळत होते त्यांना नोकरी आणि लहान मुलं यांतून सवड होत नाही.” त्या गृहस्थांशी बोलणं झालं. त्यांनी आनंदानं किल्ल्या आमच्या हाती दिल्या. यंत्राचे नियम पुतण्यानं बघायचे आणि शब्द मी, अशी वाटणी झाली.

खुली म्हणजे काय, ते शेतकऱ्याला समजावणं सोपं आहे. दुकानातून तांदूळ आणला तर तो खाता येतो, पेरता येत नाही. शेजारणीकडून भात आणलं तर ते कांडून खाताही येतं आणि तरव्याला पेरताही येतं. कंपन्या संगणकाचा प्रोग्रॅम बहुधा तांदळासारखा विकतात. वापरा, पण आत कसा बांधला आहे ते पाहू नका, बदलू नका, दुसऱ्याला देऊ नका. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली याच्या उलट वाट धरली. प्रोग्रॅम टरफलासकट द्यायचा, म्हणजे ज्याला हवं त्यानं तो उघडून पाहावा, सुधारावा आणि पुढच्याला द्यावा. यातल्या काही परवान्यांत अशीही अट असते, की सुधारलेलं बी दुसऱ्याला देताना त्याच मोकळ्या अटींवर द्यायचं. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्यानं लिनक्सची सुरुवात केली, तेही पुढे असंच मोकळं झालं. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या पोटात लिनक्सच चालतं. आपल्या देशातही २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेव करण्याचा हक्क दिला आहे. दोन्हीकडे विचार एकच.

पण बी नुसतं मोकळं असून भागत नाही. कणगीत वर्षानुवर्षं पडलेलं भात उगवत नाही. ते सालोसाल पेरून नवं करावं लागतं. प्रोग्रॅमचंही तसंच. फोन बदलतात, संगणक बदलतात, आणि कोणी हात लावला नाही तर काल चालणारी गोष्ट उद्या बंद पडते. फुकट मिळणाऱ्या वस्तूमागेही कोणीतरी रोज राबत असतं, हे मला या वर्षात नीट कळलं.

आता काम कसं चालतं ते सांगते. आमची यादी हन्स्पेल नावाच्या तपासनिसासाठी आहे. हंगेरीच्या लास्लो नेमेथ यांनी तो मुळात आपल्या हंगेरियन भाषेसाठी केला. त्या भाषेत मराठीसारखंच शब्दाला शेपट्या जोडतात. लिब्रे ऑफिस आणि फायरफॉक्समध्ये हाच तपासनीस आहे. त्याला दोन वह्या लागतात असं समजा. एकीत मूळ शब्द, दुसरीत शेपट्यांचे नियम. माड हा एक शब्द. त्याचे माडाला, माडावर, माडावरचा, माडाखालच्या, माडांनाही असे किती होतील! ते सगळे लिहीत बसायचे नसतात. शब्द कोणत्या नियमानं चालतो, एवढी खूण करायची. म्हणून प्रत्येक शब्दाला विचारावं लागतं, बाबा, तू तो, ती की ते? पोफळ ती, म्हणून पोफळीला. सोडण ते, म्हणून सोडणाला. तरवा तो, म्हणून तरव्याला.

चैत्र-वैशाखात आगरातले शब्द घेतले. गड्यांना चहा देताना मी वही घेऊनच बसे. पोय, झाप, विरी, डोण, आळं, बेडा, रोठा असे शब्द भराभर मिळाले. लिहिलेला शब्द नंतर कोशात ताडून पाहायचा. मोल्सवर्थचा कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे १९३२ ते १९३८ या काळातले सात खंड, यांत आमचे पुष्कळ शब्द सापडले. कोशकारांनी ते केव्हाच नोंदवले होते. नव्या यंत्रापर्यंत ते कोणी पोहोचवले नव्हते, इतकंच.

पावसाळ्यात वीज नाही, रेंज नाही. पण लावणीचे दिवस, त्यामुळे शब्दांना तोटा नव्हता. भाजावळ, राब, चिखलणी, इरलं हे सगळे वहीत राहिले आणि श्रावणात पुण्याला गेले. तोवर इतर भागांतले लोकही जोडले गेले होते. यवतमाळकडच्या एका शेतकऱ्यानं वखर आणि डवरणी पाठवली. मराठवाड्यातून तिफण आणि चाडं आलं. तिफण मी पाहिलेली नाही, आणि विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचं रुंद बूड हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकमेकांना समजावून सांगण्यात आमचे कित्येक दिवस गेले, पण ते सुखाचे गेले.

एका शब्दावर मात्र वाद झाला. वई म्हणजे कुंपण. आमच्याकडे दर वर्षी वई घालतात. पुतण्या म्हणाला, “काकू, हा शब्द घातला तर वही लिहिताना चुकून कोणी वई लिहिलं, तर ती चूक यंत्राला दिसणार नाही.” म्हणणं खरं होतं. नको इतके शब्द घातले तर तपासनीस ढिला पडतो. आठवडाभर खल झाला. शेवटी मी म्हटलं, वही चुकणाऱ्याला ती दुसऱ्यांदा वाचून सुधारता येईल. पण ज्याची वईच यंत्र चूक ठरवतं, त्यानं काय करायचं? वई यादीत गेली.

सर्वांत मोठी अडचण निघाली ती ‘शेतकऱ्याला’ या शब्दात! यातला अर्धा र, काना-मात्रेगत आडवा होऊन य ला चिकटतो तो, यंत्रात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. त्यामुळे एका फोनवरून आलेला शेतकऱ्याला बरोबर आणि दुसऱ्यावरून आलेला चूक. किनाऱ्यावर, वाऱ्यात, विऱ्या, सगळ्यांची तीच गत. पुतण्यानं दिवाळीच्या सुटीत नियमांच्या वहीत भर घातली, दोन्ही तऱ्हा एकच धराव्यात म्हणून. दिसायला काम चार ओळींचं. पण माझ्या मते वर्षातलं सर्वांत मोठं काम ते.

आता थोडं काळजीचं. २०२४ साली जगभर गाजलेली एक गोष्ट पुतण्यानं मला सांगितली. फाइली दाबून लहान करणारा एक्स-झेड नावाचा खुला प्रोग्रॅम आहे. असंख्य संगणकांत तो असतो, पण लासे कॉलिन हे गृहस्थ फावल्या वेळात एकटेच तो सांभाळत. त्यांची प्रकृती बरी नसे. कामाला उशीर होतो म्हणून अनोळखी लोकांनी त्यांच्यामागे लकडा लावला. त्याच सुमारास जिया टॅन असं नाव सांगणारा एक मदतनीस आला, दोन वर्षं नेमानं काम करून त्यानं विश्वास मिळवला, आणि मग गुपचूप चोरदरवाजा घालून ठेवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला जाणवलं, की आपल्या संगणकाला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्यांनी खणून पाहिलं म्हणून चोरी उघडी पडली आणि मोठा अनर्थ टळला.

आमच्या यादीत कोणी चोर कशाला येईल! पण मला त्या एकट्या राखणदाराचं वाईट वाटलं. हजारो लोक ज्या विहिरीचं पाणी पितात तिचा गाळ एकाच माणसानं काढायचा, आणि त्यालाच वर उशीर का म्हणून विचारायचं, हे बरं नव्हे. तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. कोणताही शब्द दोघांच्या नजरेखालून गेल्याशिवाय यादीत जाणार नाही, मग तो मी दिलेला का असेना. आणि आणखी दोघांना हाताशी धरून सगळं काम शिकवायचं. त्यांतली एक मुलगी तयार होते आहे. ती शब्द तपासते, मला उलट प्रश्न विचारते, आणि माझे दोन शब्द तिनं परतही पाठवले आहेत. उद्या मला दिसेनासं झालं तरी काम अडणार नाही, एवढा भरवसा आता वाटतो.

पाडव्याला हिशेब केला तेव्हा यादीत हजाराहून थोडे जास्त नवे शब्द गेले होते. नारळ-सुपारीचे जवळजवळ पुरे झाले. मासळीचे आणि होड्यांचे शब्द अजून घ्यायचे आहेत. त्यासाठी हर्णै बंदरावरच्या बायकांकडे बसावं लागेल. घाट्यावरची गुऱ्हाळं, कापूस आणि मेंढपाळांचे शब्द तर जवळपास कोरेच आहेत.

तुमच्याकडे कोणी म्हातारं माणूस नांगराच्या, मोटेच्या, बैलाच्या साजाच्या प्रत्येक भागाचं नाव सांगत असेल, तर एखाद्या पोराला शेजारी बसवून ते वहीत उतरवून घ्या. शब्द, तो की ती की ते, अर्थ आणि गावाचं नाव, एवढं पुरे. आणि पोरांना हेही सांगा, की यंत्रानं तांबडी रेघ ओढली तरी लगेच शब्द खोडू नका. आधी आजीला विचारा.