तसबिरीची कड

भडगांवच्या आमच्या घरीं बैठकीच्या भिंतीवर मातोश्रींची एक तसबीर आहे. त्यांची तेवढी एकच. गांवांतील एका फोटोवाल्यानें ती चाळीस वर्षांपूर्वीं काढली व आम्हीं पैसे मोजले. पुढें चौकट लहान पडली, तेव्हां आम्हींच कात्रीनें पुठ्ठ्याची खालची कड कापून टाकली. त्या कडेवर त्याच्या नांवाचा शिक्का होता.

परवां धाकट्या बहिणीनें तसबिरीची प्रत मागितली. प्रत काढण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न आम्हांस पडला. पिंड प्राध्यापकाचा, पुस्तक उघडल्यावांचून चैन कसें पडावें? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें १७ वें कलम सांगतें कीं, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतलें, तर निराळा करार नसल्यास काढवून घेणारा हाच त्या हक्काचा पहिला मालक. नजर त्याची, डार्करूममधील जागरण त्याचें. हक्क मात्र आमचा! आम्ही निश्चिंत झालों.

शेजारीं चाळीसगांवास केकी मूस १९८९ सालीं निवर्तेपर्यंत राहिले. टेबलावर वस्तूंची मांडणी करून ते आपल्या मनाजोगीं छायाचित्रें घेत. अशा कामास गिऱ्हाईक नसतें. म्हणून त्याची मालकी कलावंताचीच. २०१२ च्या दुरुस्तीनें छायाचित्राचा हक्कही कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. सांगितलेलें काम गिऱ्हाइकाचें, सुचलेलें काम कलावंताचें. हिशेब सरळ दिसला.

परंतु पुढें ५७ वें कलम आडवें आलें. हक्क दुसऱ्याकडे गेला, तरी ‘ही कृति माझी’ असें म्हणण्याचा अधिकार कर्त्यापाशींच राहतो, असें तें म्हणतें. पैशानें प्रत मिळते. कर्तेपण मिळत नाहीं.

मग स्नेहसंमेलनें आठवलीं. शिक्षक व विद्यार्थी यांनीं केलेला नाट्यप्रयोग संस्थेंतील मंडळी व पालक यांच्यापुरताच असेल, तर ५२ वें कलम लेखकाच्या परवानगीची अट घालीत नाहीं. ही सवलत आम्हीं वर्षानुवर्षें घेतली. एका वर्षीं कार्यक्रमपत्रिकेवर प्रमुख पाहुणे ठळक टाइपांत आले, देणगीदार ओळीनें आले, नाटककाराचें नांव तेवढें छापावयाचें राहिलें. कायद्यानें परवानगी माफ केली होती. आम्हीं नांवही माफ करून घेतलें! ती कात्री आमच्याच हातची.

बहिणीसाठीं प्रत तयार झाली. पाठीवर फोटोवाल्याचें नांव लिहावें म्हणून बाजारांत चौकशी केली. त्याच्या जागीं आतां मोबाइलचें दुकान आहे. जुन्या मंडळींस माणूस आठवतो, ‘आई, जरा हंसा’ हे त्याचे शब्द आठवतात. नांव मात्र कोणी खात्रीनें सांगत नाहीं.

मातोश्री त्या तसबिरींत किंचित् हंसल्या आहेत. प्रतीच्या पाठीवर ‘छायाचित्रकार’ एवढें लिहून आम्हीं पुढची जागा मोकळी ठेविली आहे.