नांगरावरचे जहाज

माझा जन्म वाघोटण खाडीच्या काठचा. विजयदुर्गाच्या आडोशाला गलबते नांगर टाकीत, खलाशी शिडे आवरून चूल पेटवीत आणि त्या धुराचा वास आमच्या ओटीपर्यंत येई. विसावा म्हणजे आडोसा, ही माझी समजूत तेव्हापासूनची. चेन्नईस बिऱ्हाड आणल्यावर तिला तडा गेला. येथे खाडी नाही, डोंगराचा बाहू नाही. सरळसोट किनारा आणि समोर उघडा समुद्र. 1639 साली इंग्रजांनी येथे जागा मिळवली, त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे जहाजे दूर, उघड्या पाण्यातच नांगरून राहत. माणसे आणि माल मसुला नावांतून किनाऱ्यास येत. या नावांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. लाटेच्या तडाख्यासरशी त्या लवत, म्हणूनच टिकत.

या किनाऱ्याचे नावही परक्या समुद्रावरून आले. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांनी 1884 मध्ये सिसिलीच्या आठवणीने येथील नव्या विहारमार्गास 'मरीना' म्हटले. मराठी वाचकास हे आडनाव परिचित आहे. 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारे जेम्स ग्रँट डफ हे त्यांचे वडील. सिसिलीतील पालेर्मोच्या उपसागराला डोंगरांची पाखर आहे. नाव इकडे आणता आले, पाखर आणता आली नाही.

माझा मुलगा व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. पालेर्मोसमोर त्याचे जहाज चार दिवस नांगरून होते. कठड्यावर वाळणारे कपडे, संध्याकाळी गळ टाकून बसलेले खलाशी, डोंगरामागे मावळणारे ऊन, हे सारे त्याने फोनवर सांगितले आणि मला खाडीकाठचा धूर आठवला. पुढच्या वर्षी तेच जहाज चेन्नईबाहेर धक्क्याची वाट पाहत थांबले. त्याची आई जाऊन तीन महिने झाले होते. अंत्यविधीस तो पोहोचू शकला नव्हता.

मी मरीनाच्या वाळूत जाऊन बसलो. "बाबा, पुढचा दिवा उंच आणि मागचा खाली दिसतो ना? ते नांगरावरचे जहाज," तो फोनवर म्हणाला. तसे दिवे पाच-सहा ठिकाणी होते. मी त्यांतला एक त्याचा मानला. त्यानेच सांगितले, की नुसता नांगर जहाजाला धरत नाही. तळाशी पसरलेली लांब साखळीही धरते आणि जहाज वाऱ्याकडे तोंड करीत फिरत राहते.

ज्या वाळूत मी बसलो होतो, तीही अडवलेलीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदराच्या भिंती समुद्रात गेल्या, उत्तरेकडे वाहणारी वाळू दक्षिणेस साठली आणि मरीना रुंदावली. उत्तरेस रोयापुरमकडचा किनारा मात्र समुद्राने खाल्ला. माझ्या घरातील स्वस्थताही त्याच्या अशाच दूर राहण्यावर उभी आहे, हे त्या रात्री मला प्रथम जाणवले. तिची शेवटची वर्षे औषधपाण्यात कमी पडली नाहीत, ती त्याच्या पगारामुळे.

तिसऱ्या दिवशी जहाज धक्क्यास लागले. दुपारी तो चार तासांची रजा घेऊन आला, आईच्या खाटेवर आडवा झाला आणि बोलता बोलता झोपला. वेळ झाली तेव्हा मी त्यास हाक मारली; दोन वेळा मारावी लागली.