माझा आवाज कसा येतोय?

हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी सेटवर, बोलणाऱ्याला आपला आवाज लांबवर कसा पोचतो हे स्वतःला कळत नाही. मीटरचा काटा हलतो, दिवा लागतो. पण बोलणं स्वच्छ जातंय की घरघरतंय, हे पलीकडच्यानं सांगावं लागतं. म्हणून नवख्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "माझा आवाज कसा येतोय?" ना ओळख ना पाळख, तरी कुणीतरी हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर देतं, "पाच-नऊ." पाच म्हणजे शब्दन् शब्द कळला, नऊ म्हणजे जोर भरपूर. कधी "तीन-चार" येतं, आणि पाठोपाठ सल्लाही : "पॉवर सप्लायचा हम येतोय, कपॅसिटर बघा." या मंडळींच्या एकोप्याचं मूळ मला इथेच दिसतं. दुसऱ्याच्या कानावाचून इथे कुणाचंच पान हलत नाही.

रहिमतपुरात हे जास्तच जाणवतं. इथल्या बाजारात आल्याचं बियाणं मिळेल, हॅमचं सामान मिळत नाही. ७ मेगाहर्ट्झची अँटेना म्हणजे मधोमध एक उंच वेळू आणि दोन्ही अंगांना उतरत्या बांधलेल्या दहा-दहा मीटरच्या तारा. पण तार हातभर जास्त झाली तरी एसडब्ल्यूआर चढतो, म्हणजे सेटची ताकद केबलमधून माघारी फिरते. माझी अँटेना चढली तेव्हा कोल्हापूरचे एक निवृत्त शिक्षक अख्खी सकाळ सेटपाशी बसून होते. "चार बोटं काप. आता दुसऱ्या बाजूनं तेवढीच. गडबड करू नको, कापलेली तार वाढत नाही." आम्ही एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. नंतर त्यांनी कुरियरनं कनेक्टर पाठवले आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. हॅमच्या परवान्याच्या नियमांतही प्रसारणातून कमाई करायला बंदी आहे. पैसा बाहेर ठेवला की माणसं किती मोकळेपणानं देतात, ते इथे बघावं. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स या सेटचा आराखडा असाच सगळ्यांना खुला केला. महागडे भाग मिळेनात, तर नळाच्या वॉशरवर तार गुंडाळून कॉइल करा, इथवर त्यांनी विचार केला होता. त्यावरून जगभर कितीतरी जणांनी घरी सेट बांधले.

वर्तमानपत्रांत हॅम येतात ते संकटातच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं किल्लारी हादरली, तेव्हा ही मंडळी सेट घेऊन तिकडे धावली. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद हौशी प्रसारणासाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि त्यांच्याच सेटवरून माणसांची ख्यालीखुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. आमच्या सातारा जिल्ह्याला तर हा विषय परका नाहीच. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या. अशा दऱ्यांत छोट्या वॉकीटॉकीची लहर डोंगराला अडते. ७ मेगाहर्ट्झची लहर मात्र बुटक्या अँटेनातून जवळपास सरळ वर जाते आणि आयनांबरावरून परतून पावसासारखी दोन-तीनशे किलोमीटरांत उतरते. कोयनेचा डोंगर तिला आडवा येत नाही.

पण संकटाच्या दिवशी कामाला येतात त्या रोजच्या सवयी. सकाळच्या नेटवर, म्हणजे सगळे हॅम ठरल्या वेळी जमतात तिथे, एकानं हजेरी घ्यायची, बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, नाव-गाव अक्षर अक्षर सुटं करून सांगायचं : रोमिओ, अल्फा, होटेल, इंडिया... कोकणातल्या एखाद्या पोराचा क्षीण आवाज नेट चालवणाऱ्याला ऐकूच येत नाही. मग मधलाच कुणी म्हणतो, "थांबा, मला येतोय, मी रिले करतो," आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं पुढे देतो. स्वतःचा शब्द न घालता दुसऱ्याचं म्हणणं पोचवणं ही फार मोठी शिस्त आहे, आणि ती आणीबाणीत ऐनवेळी शिकता येत नाही.

वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की परवान्याच्या परीक्षेला बसता येतं. खालच्या श्रेणीला मोर्सही लागत नाही. रहिमतपुरातल्या एखाद्या शाळेच्या गच्चीवर दोन तारा चढाव्यात अशी माझी फार इच्छा आहे. वेळू आम्ही उभा करू. तारांची कापाकापी कोल्हापूरचे सर सेटवरून करून घेतील.